दत्तक मुलीच्या निमित्ताने जुळलेला घरोबा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात. त्यांच्या शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने चार वर्षांपूर्वी आपल्याकडची एक मुलगी दत्तक घेतली. ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिच्या कागदपत्रांत जन्मस्थान म्हणून फक्त ‘बेळगाव जिल्हा’ एवढेच लिहिलेले आहे. सून बेळगावची असल्याचे कळल्यावर ते लोक आपणहून ओळख करून घ्यायला आले. आता दोन्ही घरांचा इतका घरोबा झाला आहे की, माझ्या नातवाच्या शाळेच्या अर्जावर तातडीच्या वेळी कोणाला कळवावे या रकान्यात त्याच शेजारणीचे नाव आहे. येत्या डिसेंबरात हे सर्व जण मिळून शहापुरातल्या आमच्या घरी आठवडाभर राहायला येणार आहेत. मला आनंद आहे आणि धास्तीही वाटते. मला इंग्रजी येत नाही. नातेवाईक आतापासूनच विचारू लागले आहेत की मुलगी कुणाची, जात कोणती, कानडी की मराठी. माझ्या जाऊबाई म्हणतात, ‘आपली पोर परक्यांनी नेली आणि आता आपल्यालाच दाखवायला आणताहेत.’ या मुलीशी आणि तिच्या आईवडिलांशी मी कसे वागावे? तिला आपले सण, देव आणि भाषा शिकवावी का?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : जाऊबाईंच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण पाहुणे येण्याआधी घरातल्या माणसांची मने स्वच्छ झालेली बरी. भारतातून मूल परदेशी दत्तक जाते ते कुणी येऊन उचलून नेले म्हणून जात नाही. मूल अनाथ, टाकून दिलेले किंवा पालकांनी स्वेच्छेने सोपवलेले आहे याची खात्री करून बालकल्याण समिती ते दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळे असल्याचे जाहीर करते. पालकांनी स्वतः सोपवले असेल, तर फेरविचारासाठी त्यांना ६० दिवस दिलेले असतात. त्यानंतरही पहिला हक्क भारतात राहणाऱ्या आणि परदेशस्थ भारतीय पालकांचा असतो. बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे ६० दिवसांत असे कुटुंब मिळाले नाही, तरच ते मूल परदेशी पालकांना देता येते, आणि त्यात पाच वर्षांपेक्षा मोठी मुले, भावंडे व अपंगत्व असलेली मुले यांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. तुमच्या पत्रातली मुलगी सहाव्या वर्षी गेली. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांना तान्हे बाळ हवे असते, सहा वर्षांची मुलगी नको असते. तेव्हा ‘परक्यांनी नेली’ असे म्हणण्याआधी ‘आपल्यांपैकी कुणी तिला मागितले होते का’ हा प्रश्न जाऊबाईंनी स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

त्यांच्या संशयाला अजिबात आधार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली पैशासाठी मुले पाठवल्याची, गरीब आईबापांना फसवल्याची प्रकरणे आपल्या देशात उघडकीस आलेली आहेत. पूर्वी परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलांचे केवळ पालकत्व घेत आणि दत्तकविधान आपापल्या देशात जाऊन करीत. मधल्या काळात मुलाचे काय झाले हे पाहणारे येथे कुणी नसे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी जे निर्बंध घालून दिले, त्यांतून आजची व्यवस्था उभी राहिली. पुढे भारताने २००३ मध्ये आंतरदेशीय दत्तकासंबंधीच्या हेग कराराला मान्यता दिली, आणि अमेरिकेत तो करार २००८ पासून लागू झाला. आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या परवानगीवाचून मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही, आणि गेल्यानंतरही दोन वर्षे त्याच्या प्रकृतीचे व संगोपनाचे अहवाल तिकडून येत राहतात. हे सर्व जाऊबाईंना एकदा शांतपणे सांगा. पाहुण्यांसमोर नव्हे, आधीच सांगा.

आणि दत्तक मूल म्हणजे खरे मूल नव्हे, असे कुणी म्हणालेच तर त्यांना कित्तूरची आठवण द्या. कित्तूरच्या गादीचा दत्तक वारस इंग्रजांनी नाकारला म्हणून १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मांनी कंपनी सरकारशी युद्ध पत्करले, आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. दत्तक घेतलेल्या मुलाला आपले म्हणण्यासाठी तलवार उपसली गेली ती याच जिल्ह्यात. अर्थात ते दत्तक वंशासाठी आणि गादीसाठी होते. जुन्या रिवाजात दत्तक म्हणजे बहुधा भाऊबंदांतला मुलगा; मुलीला दत्तक घेण्याची स्पष्ट मोकळीक हिंदूंना कायद्याने दिली ती १९५६ साली. म्हणून अनोळखी घरातली मुलगी केवळ मुलगी हवी म्हणून आपली करणे हे तुमच्या पिढीतल्या पुष्कळांना अजून नवे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे.

आता मुलीविषयी. सहा वर्षांचे मूल सगळे विसरून जात नाही. संस्थेतली आपली खाट, एखादी ताई, सांबाराचा वास, पावसात गळणारा कोपरा, असे काही ना काही तिच्या मनात असणार, आणि शहापुरातल्या तुमच्या गल्लीत पाऊल टाकताच ते वर येऊ शकते. ती हसेल, गप्प बसेल किंवा अचानक जेवायची थांबेल. यांपैकी काहीही झाले तरी ‘काय आठवलं गं?’ असे विचारू नका. तिच्या आईला तिच्याजवळ बसू द्या आणि इतरांना दुसऱ्या खोलीत न्या.

एका गोष्टीबद्दल मात्र फार सांभाळा. सुट्टीला आलेल्या नातवंडांना आपण सगळेच लाडाने म्हणतो, ‘आता जायचं नाही हं, आम्ही तुला इथेच ठेवून घेणार.’ तुमच्या नातवाला ती गंमत वाटेल. या मुलीला वाटणार नाही. तिला एकदा खरोखरच एका घरातून दुसरीकडे सोपवले गेले आहे. दत्तक गेलेली मुले जन्मदेशाला भेट द्यायला येतात तेव्हा ‘आईबाबा मला इथे परत ठेवून जातील का’ ही भीती पुष्कळदा त्यांच्या पोटात असते आणि मुले ती बोलून दाखवत नाहीत. तुमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला, शेजारच्या काकूंपासून दूधवाल्यापर्यंत, हे वाक्य चुकूनही उच्चारू नका असे आधीच बजावून ठेवा. उलट तिला परतीचे तिकीट, परतीचा दिवस, विमानात आपली जागा कोणाशेजारी आहे, हे सगळे तिच्या आईवडिलांनी दाखवून ठेवावे, असे सुनेकरवी त्यांना सुचवा.

दुसरे वाक्य ‘केवढं पुण्य केलंत तुम्ही’ हे. आपल्याकडचे भले लोक हे अगदी कौतुकाने त्या आईवडिलांना म्हणतील, आणि मुलीकडे पाहून ‘नशीब काढलंस पोरी’ म्हणतील. इंग्रजी येत नसले तरी डोळ्यांतली कीव मुलांना बरोबर कळते. त्या दोघांना मूल हवे होते आणि ते त्यांना मिळाले. आईवडील झाल्याबद्दल तुमच्या सुनेला कुणी पुण्यवान म्हटले नाही, तसेच त्यांनाही म्हणू नये. तुमच्या नातवाला नवा शर्ट घ्याल त्याच तोलाचा फ्रॉक तिला घ्या. औक्षण दोघांचेही करा, पण आधी तिच्या आईची संमती घ्या. नातवाला रागवाल त्या खोडीला तिलाही रागवा. जास्त लाडानेही मूल परके पडते.

बाजारात जाल तेव्हा एक वेगळीच गोष्ट घडेल. मिनेसोटात सर्वांच्या नजरा या मुलीकडे वळतात. खडेबाजारात त्या तिच्या गोऱ्या आईवडिलांकडे वळतील आणि ती गर्दीत मिसळून जाईल. काही मुलांना यात विलक्षण सुटल्यासारखे वाटते. पण त्याच गर्दीत दुकानदार आईवडिलांना सोडून तिच्याशीच बोलू लागेल, आधी कानडीत, मग मराठीत, आणि उत्तर आले नाही की ‘बोलत का नाही ही?’ असे विचारील. तेव्हा तुम्ही किंवा सुनेने तिच्या शेजारी असावे आणि बोलणे सहज आपल्याकडे घ्यावे. ‘आमच्याकडची पाहुणी आहे’ एवढे उत्तर पुरे.

यातूनच कानडी की मराठी हा तुमच्या नातेवाइकांचा प्रश्न येतो, आणि त्यावर मी जरा कठोरपणे बोलणार आहे. तिच्या कागदावर फक्त जिल्ह्याचे नाव आहे. ती लहानपणी कानडी बोलत असेल, मराठी बोलत असेल, दोन्ही बोलत असेल, उर्दूही बोलत असेल. इतक्या लहान वयात घर बदललेली मुले पहिली भाषा बहुधा थोड्याच काळात विसरतात, आणि ती परत मागणे हे त्यांना परीक्षेसारखे वाटते. १९५६ पासून आपण सीमाभागातले लोक घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी असे जगत आलो. आपल्या मुलांवर भाषा लादली जाते याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग सीमाप्रश्नाचे ओझे या दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर आपण कसे ठेवावे? जातीबद्दल विचारणाऱ्यांना तर ‘ती त्या घरची लेक आहे’ यापलीकडे एक शब्द बोलू नका.

शिकवण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. मुद्दाम काही शिकवू नका. तुम्ही कुंदा आटवत असाल आणि ती शेजारी येऊन उभी राहिली, तर तिच्या हाती उलथणे द्या आणि दूध तळाशी लागू न देता कसे ढवळायचे ते दाखवा. त्याला भाषा लागत नाही. देवळात जायचे तर तिच्या आईवडिलांना विचारून जा. ते दुसऱ्या धर्माचे असतील, आणि मुलीच्या कपाळी कुंकू लावावे की नाही हे तेच ठरवतील. अमेरिकेत अशा कुटुंबांसाठी वारसा शिबिरे भरतात, मराठी मंडळांच्या शाळा असतात, आणि संस्कृतीचे धडे देणारी माणसेही पुष्कळ भेटतात. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कामाविना रेंगाळणे तिला तितक्या सहज मिळत नाही, आणि ते तुमच्या घरात मिळू शकते.

मोठ्यांच्या मैत्रीविषयी दोन शब्द सांगते, कारण ती टिकली तरच मुलीला या घराचा आधार राहील. एके काळी अमेरिकेत परदेशी दत्तक ही मोठी चळवळ होती. २००४ मध्ये एका वर्षात सुमारे २३ हजार मुले तेथे गेली. आता तो आकडा वर्षाला दीड हजाराच्याही खाली आला आहे, आणि चीननेही २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ थांबवले. पूर्वी चीन किंवा कोरियातून मूल आणलेल्या कुटुंबाला त्याच गावात तशीच दुसरी कुटुंबे भेटत. आज भारतातून मूल आणलेल्या घराला शेजारी तसे दुसरे घर सापडणे अवघड, म्हणून ते तुमच्या सुनेसारख्या माणसाकडे ओढीने येतात. यात एक धोका आहे. केस कसे विंचरावे, दिवाळीत काय करावे, डाळ कशी फोडणीला घालावी, हे सतत सांगत राहावे लागले की मैत्रीण हळूहळू शिक्षिका होते आणि मनात थकवा साचतो. तुमच्या पत्रातला शाळेच्या अर्जाचा तपशील वाचून मात्र मला हायसे वाटले. परदेशात नातेवाईक नसलेल्या आपल्या लेकरांना अडीअडचणीला धावून येणारे कुणीतरी लागते, आणि ती जागा त्या शेजारणीने घेतली आहे. देणेघेणे दोन्ही बाजूंनी आहे. तुम्हीही त्यांना एखादे काम सांगा, भाजी निवडायला बसवा, नातवाला सांभाळायला ठेवा. आठवडाभर नुसता पाहुणचार घेऊन माणूस संकोचतो.

प्रश्न : माझी मुलगी टेक्सासमध्ये असते. जावई एच-१बी व्हिसावर आहेत आणि माझी नात तीन वर्षांची असताना तिकडे गेली. आता ती सोळा वर्षांची आहे. मुलीच्या जिवलग अमेरिकन मैत्रिणीने भारतातून मुलगा दत्तक घेतला, तो नातीच्याच वर्गात आहे. मुलगी परवा फोनवर म्हणाली, ‘आई, तो विमानातून उतरला त्या दिवशी त्या देशाचा नागरिक झाला, आणि आमची पोर तेरा वर्षांनीही पाहुणीच.’ या गोष्टीने मैत्रीत अढी बसू लागली आहे. मी तिला काय सांगू?
— निपाणीची एक वाचक

उत्तर : तुमच्या मुलीचे दुःख खोटे नाही, आणि ते कायद्यातूनच आलेले आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या बालनागरिकत्व कायद्याने, जो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला, अमेरिकन नागरिकांनी परदेशातून रीतसर दत्तक आणलेले अठरा वर्षांखालील मूल आपोआप नागरिक होते. दत्तकविधान भारतातच पूर्ण झाले असेल तर देशात पाऊल ठेवताक्षणी. दुसरीकडे नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही, आणि व्हिसावरची मुले एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या व्हिसाच्या आश्रयातून बाहेर पडतात. दोन्ही मुले भारतात जन्मली, एका वर्गात शिकली, आणि त्यांच्या वाट्याला आलेले कायदे मात्र निराळे.

मुलीला सांगा की हे मैत्रिणीशी स्पष्ट बोल. अमेरिकेत जन्मलेल्या पुष्कळ लोकांना आपल्याच देशाचा हा नियम ठाऊक नसतो. त्यांना वाटते की इतकी वर्षे राहून कर भरला म्हणजे माणूस नागरिक होतोच. मैत्रिणीला कळले, तर ती आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहू शकते. ती मतदार आहे, तुमची मुलगी नाही, त्यामुळे त्या पत्राला वजन असते. मात्र हे बोलणे त्या मुलाच्या कानावर, त्याने कुणाचे काही हिरावून घेतले अशा सुरात पडू नये. त्याने ते नागरिकत्व मागितले नव्हते, आणि त्यासाठी त्याने काय गमावले याचा हिशेब कुणीच मांडलेला नाही.

कागदपत्रांची सवय तुमच्या मुलीला आहे, मैत्रिणीला बहुधा नाही. कायदा लागू झाला त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्ती त्यातून वगळल्या गेल्या, आणि आईवडिलांनी वेळेवर नागरिकत्वाचे अर्ज न केल्यामुळे त्यांतल्या काहींना मोठेपणी देश सोडावा लागला. आजच्या मुलांना ती भीती नसली तरी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र घरात असणे, भारतीय पासपोर्ट रीतसर परत करणे आणि पुढे येण्याजाण्यासाठी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआयचे कार्ड काढणे, ही कामे राहून जातात. त्यात तुमच्या मुलीने त्या घराला हात दिला, तर तिच्या मनातली अढीही सैल होईल, असे मला वाटते.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याच्या अमेरिकन मित्राची दत्तक मुलगी आमच्या चिकोडी भागातली असावी, असे त्यांना वाटते. गावोगाव चौकशी करून तिच्या जन्मदात्या आईचा शोध घ्यावा, अशी विनंती भाच्याने मला केली आहे. मी सेवानिवृत्त असल्याने वेळ आहे. करावे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : करू नका. दत्तक नियमांत तिऱ्हाइताने केलेल्या शोधाला परवानगीच नाही, आणि ते योग्यही आहे. त्या आईने कोणत्या परिस्थितीत मूल सोपवले हे तुम्हाला माहीत नाही. ती आज लग्न होऊन नांदत असेल, सासरी हे कुणाला ठाऊकही नसेल, आणि तुम्ही चावडीवर केलेल्या एका चौकशीने तिचे घर मोडू शकेल. मुलीला आपले मूळ जाणण्याचा हक्क नियमांनी दिलेला आहे, पण त्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगी आयुष्यावर आक्रमण होता कामा नये, हेही त्याच नियमांत लिहिलेले आहे.

रीतसर मार्ग असा. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर स्वतः, आणि त्याआधी दत्तक आईवडिलांसह, ‘कारा’कडे, अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे अर्ज करू शकते. सोपवतानाच आईने नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली असेल, तर तिची लेखी संमती घेतली जाते. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले हे मुलीला सांगितले जाते. मूल टाकून दिलेले असेल, तर ते संस्थेत कसे व कुठून आले याची माहिती मिळू शकते.

तुमच्या वेळेचा खरा उपयोग पुढे होईल. ते कुटुंब अर्ज करून बेळगावला आले, तर संस्थेतले जुने कागद बहुधा कानडीत आणि हाताने लिहिलेले असतील. त्यांनी बोलावले, तर त्यांच्यासोबत जाऊन ते कागद आईवडिलांना ओळ न् ओळ वाचून दाखवा, आणि त्यांत जे नाव किंवा गाव येईल ते घरी येऊन कुणालाही सांगू नका.